टोपड्याची तीट

एसटी स्टँडवर एका बाईच्या कडेवरच्या बाळानं माझ्या आईच्या हातचं टोपडं घातलं होतं. आईला जाऊन दहा महिने झाले होते आणि ते बाळ फार तर चार महिन्यांचं असेल.

"छान आहे हो टोपडं," मी म्हणाले. "कुणी केलं?"

"मीच की." ती बाई खूश झाली. "वाचनालयातून हात आणला होता, शुभांगीबाईंचा. क्रोशाला दुसरा कुणाचा घेऊच नका. लगेच बसतो."

"बघू जरा?"

तिनं बाळाचं डोकं माझ्याकडे वळवलं. मी माझ्या लेकीला, जुईला, एका हातावर तोलून दुसऱ्या हातानं ते टोपडं मागून चाचपलं. मधोमध सुरू केलेली चकती, मग गोल गोल फेऱ्या, एकेका फेरीत सारख्या अंतरावरचे खांब, म्हणजे उभे टाके, कानाशी नाजूक शिंपला. सगळं आईचं. फक्त कुठेतरी एक खांब बुटका हवा होता, तो बोटाला लागला नाही; सगळे सारखेच ताठ उभे होते.

"काही चुकलंय का?" बाईनं विचारलं.

"नाही. काहीच चुकलेलं नाही," मी म्हणाले.

आमची बस लागली. जुईला डोस द्यायला घेऊन जायचं होतं, मी गेले. आईच्या हातचं टोपडं पाहून मला काहीतरी व्हायला हवं होतं, एवढं मला कळत होतं. दंतवैद्यानं इंजेक्शन दिल्यावर गालाला बोट लावलं की बोटाला गाल लागतो पण गालाला बोट लागत नाही, तसं माझं चाललं होतं. आईला नेलं त्या दिवसापासून. पुढच्याच महिन्यात जुई झाली, तेव्हाही तसंच. सगळे म्हणाले, पोरगी खंबीर आहे.

आईची पद्धत अशी होती. तान्ह्या बाळासाठी काहीही विणलं की त्यात ती एक टाका मुद्दाम चुकवायची. उभ्या खांबांच्या रांगेत एकच मुका खांब, म्हणजे बुटका, दोरा न गुंडाळता घातलेला. तिळाएवढा खळगा पडायचा. "बाळाच्या गालाला लावतो ना, तशी ही टोपड्याची तीट," ती म्हणायची. "अगदी बिनचूक झालं तर कुणाची तरी दृष्ट लागायची." कोर्टातली नोकरी, दिवसभर तारखांचा गोंधळ, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून ही बाई टोपडी विणत बसायची. मुद्दाम चूक करताना तिच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं ते बाबाला फार आवडायचं. तो वाचत असलेला पेपर खाली करून बघायचा.

मग वाचनालयातल्या हातात ती चूक का नव्हती?

*

आमच्या गावच्या वाचनालयात खाली पुस्तकं आहेत आणि वर हात. फी कशालाच नाही. पुस्तक पंधरा दिवस, हात महिनाभर. तबला, भरतकाम, सुतारकाम, चित्रं, सायकल दुरुस्ती, पुरणपोळी लाटणं, काय वाटेल ते. हात म्हणजे दोन पट्टे असतात, कोपराखाली बांधायचे. आपण सुई धरतो तेव्हा मेंदूकडून हाताच्या स्नायूंना विजेचे बारीक बारीक निरोप जातात. एखाद्या जाणत्या माणसाला पट्टे बांधून काम करायला बसवलं की पट्टे ते निरोप टिपून ठेवतात. तेच पट्टे मग आपण बांधले की ते आपल्या हाताचं माप घेतात आणि तेच निरोप आपल्या स्नायूंना देतात. हात आपोआप चालायला लागतो. पुढची गंमत मेंदूची. आपलाच हात हलतोय म्हटल्यावर तो ते आपलंच काम समजून गिरवून ठेवतो. महिन्याभरानं पट्टे परत केले तरी काम हातात राहतं.

गावावर याचा परिणाम व्हायचा तो झालाच. दिवाळीत निम्म्या दारांपुढची रांगोळी एकाच बाईची वाटते. माझ्या सासूबाईंनी स्टँडसमोरच्या हलवायाचा जिलबीचा हात आणला होता. आता त्या जिलबी करतात ती त्याच्यासारखीच होते, आणि तो दुकानातून त्यांच्याकडे बघतो तेव्हा दोघंही जरा ओशाळतात. "त्याच्यासारखं पोट नाही ना सुटलं मला, म्हणजे झालं," असं सासूबाई म्हणतात.

वरच्या मजल्यावर निलोफर मुजावर बसते. हातांचं सगळं तिच्याकडे. आईचे पट्टे तिनंच बांधले होते, मला सातवा सरत आला होता तेव्हा.

"ताई, या ना. किती मोठी झाली ही," तिनं जुईला घेतलं. जुईनं तिच्या ओढणीचं टोक तोंडात घातलं.

मी सरळच विचारलं, "निलोफर, आईची चूक कुठे गेली?"

तिला आधी कळेना. मी तिटीचं सांगितलं.

"ती गाळली गेली, ताई. मुद्दाम नाही, पद्धतच तशी आहे. काकू इथे पुष्कळ वेळा बसल्या. दर बैठकीला एकेक टोपडं. मशीन त्या सगळ्या बैठका एकावर एक ठेवतं. सगळ्यांत सारखं असेल तेवढं ठेवायचं, एखाद्या वेळचं असेल ते टाकायचं. मध्ये शिंक आली, कुणी हाक मारली, चहा घेतला, ते सगळं जातं. काकू चूक दर वेळी वेगळ्या जागी करायच्या, नाही का?"

"हो. एकाच जागी केली तर ती चूक राहत नाही म्हणायची."

"मग मशीनला ती शिंकच वाटली असणार."

मला हसू आलं असावं, कारण तीही हसली. मग म्हणाली, "पण मूळ हात आहे. पहिली बैठक अख्खी, न गाळलेली. तुम्ही बरोबर होतात बघा त्या दिवशी. ती ठेवावीच लागते. माणूस गेल्यावर वर्षभर घरच्यांसाठी, मग पुसायची. काकूंचं वर्ष आता—"

"पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे."

"मग तोवर आहे." तिनं जुईला माझ्याकडे दिलं. "पण मूळ हात मी सहज देत नाही. गाळलेल्या हातातून नुसतं काम येतं. मुळातून माणूसही येतो. आणि मेंदूत जागा तेवढीच, नवं गिरवलं की जुनं पुसट होतं. तासगावकडच्या एका मास्तरांनी वडिलांचा मूळ हात घेतला, तर त्यांची बँकेतली सही जुळेना. कप धरायचे तो वडिलांसारखा, दार लावायचे ते वडिलांसारखं. बायको माहेरी गेली होती काही दिवस. म्हणाली, सासऱ्यांशी संसार करायला नाही आले मी."

"लगेच होतं का तसं?"

"पहिला अर्धा तास हात पाहुणा असतो. त्याच्यापुढे गेलात की घरचा होतो. मग काढता येत नाही."

*

बाबाला मी हे सांगितलं ते नुसतं बोलायला विषय म्हणून. तो हल्ली रोज खालच्या वाचनखोलीत पेपर वाचायला जातो आणि तिथून आमच्याकडे येतो, जुईला मांडीवर घेऊन बसतो, जेवायला थांब म्हटलं तर थांबत नाही. त्या दिवशी तो ऐकता ऐकता ताठ बसला.

"म्हणजे तिचे हात आहेत तिथे," तो म्हणाला. "जसेच्या तसे."

"एका बैठकीपुरते."

"तू बांध."

"बाबा, तुला हवेत तर तू बांध की. तुलाही देतील."

"मी बांधून काय करू?" तो चिडला नव्हता, फक्त मला समजावत होता. "मला ती व्हायचं नाहीये, ईशू. मला ती बघायचीय. तुझी बोटं तिच्यासारखीच आहेत. समोर बसून बघेन मी. पेपर खाली करून."

स्वयंपाकघरातून सासूबाई बाहेर आल्या. "आणि ही पोरगी? ईशू तिच्या आईचे हात घेऊन आली की हिला कोण थोपटणार?"

"आजी थोपटेल," बाबा म्हणाला.

"एक आजी आहे इथे, मी आहे अजून," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तसंही तू थोपटतेस ते थोपटणं आहे का गं? लेझीम खेळतेस."

ते खरं होतं. मला थोपटायला येत नाही. दोन थापा पडतात, तिसरी चुकते, मग एक घाईघाईची. ताल म्हणून नाही. जुई जन्मल्यावर नर्सनं शिकवलं, सासूबाईंनी शिकवलं, वाचनालयात बाळ निजवण्याचासुद्धा हात आहे, तो माझ्या नवऱ्यानं, ओजसनं, आणून दिला होता. मी तो बांधला नाही. आळस म्हणून. जुई माझ्या चुकणाऱ्या थापांनीच झोपायला शिकली.

ओजसला संध्याकाळी कळलं. तो तसा कमी बोलतो. जुईचे कपडे वाळत घालता घालता म्हणाला, "तुला हवंय का ते?"

"बाबाला हवंय."

"तुला विचारतोय."

मी विचार करून पाहिला. हवं आणि नको यांच्यातला फरक मला बरेच दिवस लागत नव्हता. "मला काही फरक पडत नाही," मी म्हणाले. "माझ्या हातात ठेवण्यासारखं आहे काय असं? भाकरी गोल येत नाही, अक्षर वाईट. आईचे आले तर निदान कुणाच्या तरी उपयोगाचे होतील."

त्यानं हातातलं झबलं दोरीवर टाकलं, चिमटा लावला आणि पुन्हा काढून दुसरीकडे लावला.

"तुझ्या हातानं तू माझ्या पाठीवर खाजवतेस," तो म्हणाला. "नेहमी चुकीच्या जागी. असू दे. मी आपलं सांगितलं."

*

वर्षश्राद्धाच्या आधीच्या आठवड्यात आम्ही वाचनालयात गेलो. ओजसला कामावरून सुटता आलं नाही. सकाळची वेळ होती, वरच्या मजल्यावर एक आजोबा व्हायोलिनचे पट्टे बांधून भिंतीकडे तोंड करून वाजवत होते आणि स्वतःच दचकत होते. निलोफरनं आम्हाला कोपऱ्यातली खोली दिली. तीच, आईची. बाबानं समोर खुर्ची ओढून घेतली, जुईला मांडीवर बसवलं. त्यानं खरोखरच खालून पेपर आणला होता.

पांढरी लोकर, क्रोशाची सुई. निलोफरनं पट्टे बांधले. "अर्धा तास झाला की मी थांबवून विचारेन. पुढे जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्याच्याआधी काढलंत तर काही राहणार नाही."

"आणि पुढे गेले तर?"

"तर मग राहील."

जुईचं डोकं आता या टोपड्याच्या मापाचं उरलं नव्हतं. आई त्या दिवशी तान्ह्या बाळासाठी विणत होती. मी बाबाला हे आधीच सांगितलं होतं. "नाही झालं तर नाही," तो म्हणाला होता.

मग सुरुवात झाली. मुंग्या आल्या आणि बोटं माझ्याशिवाय निघाली. लोकर डाव्या तर्जनीवरून ओढली गेली, करंगळीनं तिचा एक वेढा घेतला. हा वेढा मला माहीतच नव्हता. साखळी, गोल, पहिली फेरी. मी नुसती बघत होते. हात इतके निश्चिंत होते की मला त्यांचा हेवा वाटला. निदान हेव्यासारखं काहीतरी वाटलं, आणि दहा-अकरा महिन्यांत वाटलेलं ते पहिलंच होतं. यांना पुढचं माहीत आहे. यांना कुणी विचारत नाही, तुला हवंय का.

बाबानं पेपर खाली केला. त्याचा चेहरा मला बघवेना म्हणून मी लोकरीकडे बघत राहिले.

फेरी संपली. उजव्या हातानं सुई लोकरीत खोचली आणि डावा हात काम सोडून बाजूला गेला. डावीकडे, खुर्चीच्या दांड्यापलीकडे, कमरेच्या उंचीवर. तिथे काहीच नव्हतं. हात हवेत पालथा झाला, थोडा गोलसर, कशावर तरी टेकल्यासारखा, आणि हळूच दोनदा थोपटून परत आला. सुई पुन्हा चालू लागली.

"हे काय?" बाबा म्हणाला.

निलोफर मशीनच्या पडद्यावर बघत होती. "हे आम्ही गाळतो. काम थांबलं की गाळलं जातं."

मला आठवलं. त्या दिवशी मी आईच्या डावीकडे बसले होते. पाय सुजले होते, डुलक्या घेत होते, पोट पुढे. आई दर फेरी संपली की माझ्या पोटावर हात ठेवायची, दोनदा थोपटायची आणि पुढची फेरी घ्यायची. आत जुई होती.

मी बाबाला सांगितलं. माझा आवाज सपाट होता, बातमी सांगितल्यासारखा.

दुसऱ्या फेरीत तीट आली. सुईनं दोरा गुंडाळायचा टाळला, बुटका खांब घातला. तेवढ्या वेळापुरती माझी बोटं जरा सावकाश झाली, मजा घेतल्यासारखी. बाबाच्या तोंडून एक आवाज निघाला. फेरी संपली. डावा हात पुन्हा निघाला, हवेवर टेकला, थोपटून परत आला.

तिसऱ्या फेरीला बाबा उठला. जुईला घेऊन तो माझ्या डावीकडे आला, खुर्ची सरकवली, अंदाज घेतला, पुन्हा थोडी पुढे घेतली. जुईला मांडीवर जरा तिरपी धरली. "आता येऊ दे," तो म्हणाला. कुणाला म्हणाला कळलं नाही.

फेरी संपली. सुई खोचली गेली. आईचा हात बाजूला गेला आणि जुईच्या डोक्यावर टेकला. अगदी बरोबर टेकला. मग दोन थापा. समान, मऊ, वेळेवर.

जुई गप्प झाली. तिनं वर त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, पुन्हा हाताकडे. खालचा ओठ पुढे आला. ती रडली. भुकेचं नाही, पडल्याचं नाही. अनोळखी माणसानं उचललं की ती रडते, तसं. मान बाजूला काढून ती त्या हाताखालून सरकायला बघत होती, आणि सरकून यायला बघत होती ती माझ्याचकडे.

हात परत आला आणि चौथी फेरी विणायला लागला. जुई रडत होती आणि माझे हात विणत होते.

"अर्धा तास होत आलाय, ताई," निलोफर म्हणाली. "पुढे?"

मी बाबाकडे पाहिलं. या खोलीत यायचं त्याच्यासाठी ठरलं होतं. मला थांबायचं काही कारण दिसत नव्हतं. हात छान चालले होते, आणि ते चालत राहिले तर मला पुन्हा काही ठरवावं लागणार नव्हतं.

"बाबा, तू अजून बघ," मी म्हणाले. "अजून पुष्कळ फेऱ्या आहेत."

तो जुईला उभ्यानं घेऊन झुलवत होता. जुईचे दोन्ही हात माझ्या दिशेला.

"बघितलं मी," तो म्हणाला. "काढ ते."

"पुन्हा मिळणार नाही, बाबा. पुसतात."

"पुसू देत. हिला तू हवीयेस." आणि मग, फार हळू, "तिलाही हे आवडलं नसतं. नातीला रडवून टोपडं."

निलोफरनं पट्टे सोडले. बोटं जिथे होती तिथेच थांबली, एक खांब अर्धा घातलेला. मग ती जड झाली आणि माझी झाली. सुई निसटून खाली पडली. व्हायोलिनवाल्या आजोबांनी पलीकडे काहीतरी बेसूर वाजवलं आणि "अरे, हे मी वाजवलं," असं स्वतःशीच म्हणाले.

जुई माझ्याकडे आली. मी तिला खांद्यावर घेतलं. दोन थापा, तिसरी चुकली, एक घाईची. तिनं हुंदका गिळला. माझ्या तळव्याला तिची पाठ लागली, गरम, घामेजलेली, झबल्याच्या नाडीची गाठ. तळव्याला लागली, एवढंच मी म्हणेन. त्याहून मोठं काही झालं नाही. ती झोपेपर्यंत मी थोपटत राहिले आणि बाबा पेपर घडी करत राहिला, तो आधीच घडी केलेला होता.

*

मूळ हात वर्षश्राद्धानंतर पुसला गेला. निलोफरचा फोन आला होता, मी बरं म्हटलं.

तळहाताएवढी चकती तेवढी माझ्याकडे राहिली, तीट असलेली. अर्धा खांब मी स्वतःच पूर्ण केला. आईचा गाळलेला हात वाचनालयात आहे, सारं गाव नेतं, मी नेला नाही. खालून क्रोशाचं साधं पुस्तक आणलं, चित्रांचं, तेही फुकटच मिळतं. जुई दुपारी झोपली की एखादी फेरी होते. माझे टाके सैल पडतात, एक मोठा, एक लहान, फेरी पसरत जाते. सासूबाईंनी उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे टोपडं आहे की चाळणी?" मग थोड्या वेळानं, "पण डोक्याला होईल हो हिच्या."

झालं. माझे टाके सैल म्हणूनच झालं. मधली चकती आईची, घट्ट आणि नेटकी, पुढचं सगळं ढगळ, एका कानावर उतरलेलं. जुईनं ते दोन्ही हातांनी धरून खाली ओढलं आणि आत लपली.

बाबा जेवायला थांबला त्या दिवशी. पेपर मांडीवर ठेवून, जुईला जवळ घेऊन मागून टोपडं चाचपत त्यानं बुटका खांब शोधला. सापडल्यावर बोट तिथेच ठेवलं.

"तू नाही का घातलीस एखादी तीट?" त्यानं विचारलं.

"बघ ना, बाबा. सगळी तीटच आहे."

त्यानं टोपडं फिरवून पाहिलं. मग त्यानं पेपर बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.